नवसात अडकलेलं रडणं

माझी आई रडण्यात पटाईत होती. हे वाचून कोणी तिची कीव करू नये. आम्ही गोर बंजारे. आमच्या बाया फक्त दुःख झालं म्हणून रडत नाहीत, त्या भेटल्या की रडतात. माहेरची बाई तांड्यात आली, बाजारात मावसबहीण दिसली, की दोघी एकमेकींच्या गळ्यात हात टाकतात, पदर पुढे ओढतात आणि सुरात रडायला लागतात. त्यात शब्द असतात. किती दिवसांनी दिसलीस, वाट किती पाहिली, मधल्या काळात कोण गेलं, कोणाला मूल झालं, कोणती गाय आटली, सगळी खबरबात त्या रडण्यात येते. एकीचं झालं की दुसरी उचलते. मग दोघी डोळे पुसतात आणि लगेच चहात साखर कमी पडली म्हणून हसतात, भांडतात. जिच्या गळ्यात पडून कोणी रडलं नाही, ती बाई आली काय नि गेली काय, असा आमच्यात हिशोब.

यात आईचा हात धरणारी आजूबाजूच्या तांड्यांत कोणी नव्हती. यवतमाळहून कळंबकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आत आमचा तांडा होता. लग्न ठरलं की दूरदूरच्या बाया नवरीला घेऊन आईकडे यायच्या, कारण नवरीला निरोपाचं रडणं शिकावं लागतं. आई रडायला लागली की अंगणातले पुरुष बिडी पेटवायचं निमित्त करून तिथंच घुटमळायचे. माझे वडील म्हणायचे, "तुही आई रडली न, का सरकीच्या गाडीचे बैलही थांबतेत." (घरात आम्ही गोरबोली बोलायचो. ती सगळ्यांना समजणार नाही म्हणून इथं वऱ्हाडीत लिहिते.)

वडिलांची स्वतःची बैलगाडी होती. शेतीच्या जोडीला ते जिनिंगमध्ये कापूस पोचवायचे. आमचे बापजादे बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरत, याचा त्यांना फार अभिमान, आणि आपण मात्र यवतमाळच्या पुढे जात नाही याची तेवढीच लाज. त्या लाजेपायीच असेल, त्यांनी मला यवतमाळला शाळेत घातलं आणि वसतिगृहात ठेवलं. तांड्यातली वसतिगृहात राहिलेली पहिली मुलगी मी. लोक म्हणाले, पोट्टी हातची गेली. वडील म्हणाले, जाऊ द्या.

मी नववीत होते तेव्हा आमच्या हेडमास्तरांनी नेपाळातली एक शाळा जोडीला घेतली. वर्ध्याकडे शिक्षकांची कसलीशी परिषद झाली होती, तिथं त्यांची काठमांडूच्या एका हेडमास्तरांशी गट्टी जमली. ठरलं असं की त्यांच्या मुलींनी हिवाळ्याच्या सुट्टीत आमच्याकडे यायचं आणि आमच्यातल्या काहींनी पुढच्या दिवाळीत त्यांच्याकडे जायचं. शाळेच्या नोटीस बोर्डाजवळ नेपाळचा मोठा नकाशा लागला. मी तो इतक्या वेळा पाहिला की आमच्या तालुक्यापेक्षा मला नेपाळ जास्त पाठ झालं.

जाणाऱ्या मुलींत माझं नाव असावं असं मला इतकं वाटायचं, की रात्री जेवण जायचं नाही. आणि माझ्यापेक्षा वडिलांना. शनिवारी गाडी घेऊन आले की पहिला प्रश्न, "नेपाळचं काय झालं?" आमच्या खानदानात मीठ घेऊन कोणी कुठंकुठं गेलं, पण नेपाळला कोणी गेलं नव्हतं.

हेडमास्तर माणूस चांगला होता. वाईट असता तर माझं काम सोपं झालं असतं, चार शिव्या घालून मोकळी झाले असते. त्यांना आमच्या तांड्याचं मनापासून कौतुक होतं. फक्त ते पाहुण्यांना दाखवण्याजोग्या वस्तूचं असतं तसं होतं. इतर मुलींच्या घरी नेपाळच्या मुली राहणार होत्या. माझं घर गावात नव्हतं, तेव्हा त्यांनी वडिलांना बोलावून सांगितलं, "सगळ्यांना एक दिवस तुमच्या तांड्यावर आणतो. घागरे, आरसे, नाच, सगळं दिसू द्या. तुमच्या पद्धतीनं स्वागत करा. आणि एक मुलगी तुमच्याकडेच मुक्कामाला राहील." वडील घरी आले तेव्हा त्यांचे पाय जमिनीला लागत नव्हते.

एकोणीसशे बासष्टच्या सुरुवातीला पाहुण्या आल्या. धामणगावला रेल्वेतून उतरून मोटारीनं यवतमाळला. माझ्या वाट्याची मुलगी माझ्याच वयाची, गोल गालांची, दोन वेण्यांना लाल फिती. हिंदी मोडकं बोलायची, पण माझंही काही फार सरळ नव्हतं, त्यामुळे आमचं छान जुळलं. पहिल्याच दिवशी तिनं सांगितलं की तिची आई आजारी आहे, पोटुशी आहे आणि अंथरुणाला खिळली आहे. ती यायला तयार नव्हती. आईनंच हट्ट करून पाठवलं. सांगताना ती वेणीची फीत तोंडात धरून चावत होती. मी तिला म्हटलं, काही होत नाही, आणि माझ्या पेटीतली चिंच दिली.

तांड्यावर जायचा दिवस आला. मोटार फाट्यापर्यंतच जात होती. तिथून बैलगाड्या. बायांनी ठेवणीतले घागरे काढले होते, हातभर पांढऱ्या बांगड्या, केसांत चांदीचे झुमके. हेडमास्तर पुढच्या गाडीत उभे राहून हातवारे करत नेपाळच्या बाईंना काहीतरी समजावत होते. या बाई म्हणजे पाहुण्यांबरोबर आलेल्या शिक्षिका, ठेंगण्या, हसऱ्या.

गाड्या थांबल्या. आमच्या पाहुणीला घेऊन मी दाराशी आले. आई पुढे झाली. तिनं त्या मुलीकडे एकदा डोळे भरून पाहिलं, पदर ओढला, तिच्या गळ्यात दोन्ही हात टाकले आणि सुरू केलं.

मी तोवर आईला तसं रडताना ऐकलं नव्हतं. कुठल्या डोंगरापलीकडून आलीस गं, तुझी आई तिकडे किती वाट पाहत असेल, तुझ्या केसांना तेल कोण लावेल, मी तुझ्या आईच्या जागी तुला धरते, असं ती म्हणत होती. परक्या देशाची लेक आपल्या दारात आली, याच्याहून मोठा मान आमच्याजवळ द्यायला नव्हता. आई थांबली की काकू, काकू थांबली की तांड्याच्या नायकाची बायको, अशी रांगच लागली.

ती मुलगी आधी ताठ झाली. मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. बायांच्या खांद्यांवरून माझ्याकडे पाहत ती ओरडली, "क्या हुआ? माँ को क्या हुआ? खबर आई क्या?"

तिच्याकडे रडणं म्हणजे एकच गोष्ट, कोणीतरी गेलं. मी म्हणतेय, नहीं नहीं, कुछ नहीं. पण त्या आवाजात माझं कोण ऐकतंय! ती खाली बसली आणि हंबरडा फोडून रडायला लागली. आता माझ्या आईची गंमत पाहा. आईला वाटलं, काय वळण लावलंय या पोरीला तिच्या घरच्यांनी! आपल्या रडण्याला रडण्यानं उत्तर देते! तिचं मन भरून आलं आणि तिनं दुप्पट जोरानं दुसरं कडवं धरलं.

नेपाळच्या बाई धावत आल्या, त्यांनी पोरीला ओढून बाजूला नेलं. हेडमास्तर धोतर सावरत "बंद करा! बंद करा!" म्हणत आले. बाया एकदम गप्प झाल्या. आई माझ्याकडे पाहत राहिली. काय चुकलं ते तिला कळेना. मी सांगितलं, तिची आई आजारी आहे, तिला वाटलं ती गेली. आईनं तोंडावर हात ठेवला. मुलीजवळ जायला निघाली तर हेडमास्तरांनी हातानंच थांबवलं.

नाच झाला नाही. भाकरी, वांग्याची भाजी आणि बोकडाचं मटण तसंच राहिलं. पाहुण्या त्याच गाड्यांनी परत गेल्या. त्या मुलीची समजूत काही पटेना. सगळे आपल्यापासून बातमी लपवताहेत असं तिनं धरलं. जेवण सोडलं. बाईंनी यवतमाळहून काठमांडूला तार केली. उत्तर यायला वेळ लागला आणि तोवर शाळेत सुतक असल्यासारखं वातावरण होतं. अखेर तार आली. आई बरी होती, मुलगा झाला होता. पेढे वाटले गेले. निघायच्या आदल्या दिवशी ती मुलगी वसतिगृहात आली, लाजून हसली आणि म्हणाली, "तुम्हारी माँ से बोलना, मैं समझी नहीं थी. तुम दिवाली में आना. मेरी माँ देखेगी तुमको." मी तो निरोप आईला सांगितला. आईनं तो माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतला.

प्रकरण इथं संपायला हरकत नव्हती. नेपाळच्या बाई तर हसून गेल्या होत्या. पण हेडमास्तरांना ते लागलं होतं. पाहुणे गेल्यावर त्यांनी माझ्या आईवडिलांना शाळेत बोलावलं. वडील टेबलासमोर उभे राहिले, आई दाराच्या आत, पदर पुढे ओढून. मी तिच्याशेजारी.

"तुमची मुलगी हुशार आहे," हेडमास्तर म्हणाले. "तिला नेपाळला न्यायची माझी इच्छा आहे. पण आमच्या तोंडचं पाणी पळालं होतं त्या दिवशी. उद्या स्टँडवर निरोपाला कलेक्टरसाहेब येतील, पेपरवाले येतील. तिथं तुमच्या बायकांनी हे सुरू केलं तर? ही तिकडे जाऊन कोणाच्या गळ्यात पडली तर? तुमचं हे रडणं आवरणार असेल, तर नाव घालतो."

"आवरन साहेब," वडील म्हणाले. "तुमी नाव घाला."

बाहेर आल्यावर मैदानातल्या निंबाखाली आई थांबली. तिनं चपला काढल्या. आम्हाला वाटलं काटा रुतला. तिनं तांड्यातल्या आमच्या देवीच्या दिशेला तोंड केलं, हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाली, "माही पोरगी नेपाळले जाऊन सुखरूप वापस येईस्तोर मी कोनाच्याच गळ्यात पडून रडनार नाई. देवी, तू ऐकून राह्यली न?"

वडील चिडले. "रडू नको एवढंच म्हन्लं त्याहीनं, तेही स्टँडवर! नवस कायले बोलली?"

"नवस बोलल्याशिवाय जाईल का ते रडनं?" आई म्हणाली. "आन् त्या माउलीची पोरगी माह्या रडन्यानं उपाशी राह्यली."

नवस बोलायचा म्हणजे जवळचं काहीतरी मोलाचं सोडावं लागतं. कोणी भात सोडतं, कोणी चहा, कोणी चप्पल. आईजवळ मोलाचं एकच होतं, तिनं ते देवीपुढे ठेवलं. दिवाळीपर्यंतचा तर प्रश्न होता. मला त्या वेळी भरून आलं, आणि खरं सांगायचं तर आनंदही झाला, कारण आता माझं जाणं पक्कं वाटायला लागलं.

नाव लागलं. वडिलांनी यवतमाळच्या एका मुसलमान शिंप्याकडे मला गरम कोट शिवायला टाकला. माप घेताना तो म्हणाला, "बेटी, वहाँ का पानी बर्फ जैसा. संभलके नहाना." नेपाळला जाणारं गिऱ्हाईक त्यालाही पहिलंच, त्यानं आतून दुहेरी अस्तर लावलं. तो उन्हाळा, तो पावसाळा आईनं रडण्याशिवाय काढला. बाया भेटायला यायच्या, गळ्यात पडायच्या, आपापलं रडायच्या आणि आईची पाळी आली की आई त्यांच्या पाठीवरून हात फिरवायची. "दिवाळीपावतर थांबा," म्हणायची, "मंग पाहा, सारं व्याजासकट रडतो." बाया हसायच्या. तिची थट्टाही व्हायची. काकू म्हणायची, "नेपाळ झालं का यवतमाळातून डोंगा आनून ठेवा, नाई त लोकं वाहून जातीन."

दिवाळी तोंडावर आली आणि चीनच्या सरहद्दीवर लढाई सुरू झाली. आमच्या वसतिगृहात रेडिओभोवती मुली दाटीवाटीनं बसायच्या. हेडमास्तरांनी मैदानावर सगळ्यांना जमवलं आणि सांगितलं की देशावर संकट आहे, सहल रद्द. त्यांनाही वाईट वाटत होतं. जवानांसाठी लोकरीचे कपडे गोळा करायचं ठरलं. मी माझा कोट दिला. एकदाही न घातलेला कोट पाहून आमच्या वर्गाच्या बाईंनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला ती थाप नको होती.

घरी गेल्यावर आईला सांगितलं. ती सरकी निवडत होती. "लढाई कवा सरते?" तिनं विचारलं. मी म्हटलं, काय माहीत. "सरन," ती म्हणाली आणि सरकी निवडत राहिली.

लढाई सरली. सहल मात्र पुन्हा निघाली नाही. पुढच्या वर्षी हेडमास्तरांची बदली झाली. नवीन आलेल्यांना गणिताच्या निकालाशिवाय कशात रस नव्हता, त्यांनी नोटीस बोर्डाजवळचा नकाशा काढून तिथं वेळापत्रक लावलं. दोन शाळांमधली पत्रं आधी कमी झाली, मग बंद. नेपाळची ती मुलगी कुठल्या दिवाळीपर्यंत माझी वाट पाहत होती, मला ठाऊक नाही.

आई दर बाजारच्या दिवशी विचारायची, "नेपाळचं काही?" मी मान हलवायची. मग तिनं विचारणं सोडलं. नवस मात्र सोडला नाही. बाया आता हसत नव्हत्या. आईच्या मागे बोलणं सुरू झालं होतं की पोरगी शिकून राह्यली म्हणून ही गर्वात आली, कोणाच्या गळ्यात पडत नाही. लांबच्या तांड्यांतल्या नवऱ्यामुली आता काकूकडे जायला लागल्या. काकूचा गळा बरा होता, पण शब्द सगळे आईचेच चोरलेले.

त्यातच माझा मामा गेला. आईचा पाठचा भाऊ, तिनं कडेवर वागवलेला. साप चावला होता. आम्ही पोचलो तेव्हा अंगणात बाया बसल्या होत्या. मामी उठली आणि आईच्या गळ्यात पडली. भावाच्या मरणावर बहिणीचं रडणं म्हणजे आमच्यात सगळ्यात मोठं, सगळा तांडा तेच ऐकायला थांबलेला असतो. आई उभी राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, हनुवटीवरून ठिबकत होतं, पण आवाज नाही, शब्द नाही. नुसत्या डोळ्यांतल्या पाण्याला आमच्यात कोणी रडणं म्हणत नाही, ते कांदा चिरतानाही येतं. मामी वाट पाहून बाजूला झाली. तिनं पुढे कधी आईला माफ केलं नाही.

त्या दिवशी परतल्यावर वडिलांनी नायकाला घरी आणलं. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा प्रमुख, त्याचा शब्द देवाधर्मातही चालायचा. त्यानं आईला समजावलं, "बाई, नेपाळ त रद्द झालं. देवीले बोकड दे, चूक मान, मोकळी हो."

"रद्द सायबानं केलं," आई म्हणाली. "देवीनं थोडंच केलं?"

"मंग काय जन्मभर अशीच राह्यशील?"

"पोरगी जाऊन येईस्तोर राहीन. मी बोललो तेवढंच बोललो. देवीले फसवू का?"

वडिलांनी डोक्याला हात लावला. मी मॅट्रिकला बसलेली, शहाणी. मी तिला म्हटलं की देवी एवढी दुष्ट नसते. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं गिळलं. तिला भीती तिच्यासाठी नव्हती. नवस माझ्या नावावर होता, तो मोडला तर माझ्या जिवावर येईल, हे तिनं पक्कं धरलं होतं. तिच्या रडण्यावर आता माझा जीव टांगलेला होता.

मॅट्रिक झाल्यावर माझं लग्न ठरलं, दिग्रसकडच्या तांड्यात. मला निरोपाचं रडणं शिकायचं होतं. वसतिगृहात राहून माझ्या गळ्याला ती सवयच नव्हती. ज्या घरी नवऱ्यामुली शिकायला यायच्या, त्या घरची मुलगी मी, आणि मला शिकवायला काकू यायची. आई बाजूला बसून ज्वारी पाखडायची. काकूचा शब्द चुकला की आई तो दुरुस्त करायची, पण सुरात नाही. बाजाराला जाताना काय आणायचं ते सांगावं तसं, सपाट. "तिथं 'वाट सुनी झाली' म्हन्तेत," असं. एकदा तिचे ओठ चाल पकडायला लागले, तसं तिनं सूप खाली ठेवलं आणि विहिरीवर निघून गेली. घागर न घेता.

निघायची वेळ आली. बाया गोल करून उभ्या. मी एकेकीच्या गळ्यात पडून रडले, आणि शिकवलेलं सगळं विसरून, खरंखुरं रडले. शेवटी आई. मी तिच्या गळ्यात हात टाकले आणि म्हटलं, याडी, आई गं, मी चालले, तुझ्या अंगणातलं पाखरू चाललं, मला अडव. इथं आईनं उचलायचं असतं. इथं आई सांगते की तुला कशी वाढवली, कशी देते आहे, तिकडे कशी राहा. आमच्या मुली त्या शब्दांची शिदोरी घेऊन सासरी जातात, म्हाताऱ्या झाल्या तरी आपल्या आईनं काय म्हटलं होतं ते सुरात म्हणून दाखवतात.

मी थांबले. तिचे हात माझ्या पाठीत रुतले होते. गळ्याशी तिचा गळा हलताना मला जाणवत होता, गिळल्यासारखा. सगळ्या बाया थांबल्या होत्या. वरातीचे बैल मान हलवत होते तेवढाच आवाज. मग काकूनं न राहवून मागून आईचं कडवं उचललं, आईच्या जागी. आईनं माझ्या कानाशी, साध्या बोलण्यात, एवढंच म्हटलं, "जाय. उशीर होते."

सासरी पहिल्याच दिवशी बायांची कुजबुज ऐकली, पोरगी बिनाआईची आहे का? आई होती म्हन्तेत, पण रडली नाई. मला असा संताप आला, की कढईतलं तेल फेकून मारावं. मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगून कोणाला पटलं असतं!

त्यानंतर दोन पावसाळे आई जगली. तापानं गेली. मी पोचले तेव्हा शुद्धीवर होती. मी वाकून तिच्या गळ्यात हात टाकायला गेले, तर तिनं माझ्या छातीवर हात ठेवून मला थोपवलं. आपल्याला उत्तर देता येणार नाही, मग पोरीला एकटीला रडायला कशाला लावा, असंच तिच्या मनात असेल. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिच्यासाठी चौफेर तांड्यांतल्या बाया आल्या, मामीसुद्धा आली. काकूच्या तोंडून आईचे शब्द ऐकत मी खांबाला धरून बसले.

दिवस करून सासरी परतले तेव्हा सासूनं मला जवळ बसवलं. अंगणात तूर वाळत पडली होती. ती म्हणाली, "एक विचारू का? तुह्या लग्नात तुही आई काहून नाई रडली?" आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी सगळं सांगितलं. ती शाळा, लाल फितींची मुलगी, तार, हेडमास्तर, निंबाखालचा नवस, लढाई, रद्द झालेली सहल. सासू शिकलेली नव्हती, पण मधे एकदाही न बोलता तिनं ऐकलं. डोळे पुसले. मग म्हणाली,

"आपल्या तांड्यातले दोघं म्हातारे गेल्ते न नेपाळले. काशीले गेल्ते, थितून तसेच पशुपतीच्या दर्शनाले. रेल्वेचं तिकीट काढलं न गेले. कोनी अडवलं नाई त्याहीले. मंग तू काहून नाई गेली?"

आमच्या डोक्यात एकच बसलं होतं. नेपाळ म्हणजे शाळेची सहल. सहल रद्द, म्हणजे नेपाळ रद्द. वडील, नायक, काकू, आई, आणि सगळ्यांत शहाणी मॅट्रिक झालेली मी, आम्ही सगळे तेच धरून बसलो होतो. बापजादे विनापरवाना मुलुख पालथा घालणारे, आणि आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही, की तिकीट काढून जाता येतं. चार दिवसांचं जाणं, चार दिवसांचं येणं, आणि आई मोकळी झाली असती. मामाला रडली असती, मला रडली असती.

सासू अजून उत्तराची वाट पाहत होती.